पाकीट उलटं धरा, आणि आपली ओळ शोधा

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत पाच जणांचं घर. सासूबाईंना मधुमेह आणि बीपी, पण चतुर्थी-एकादशी सोडत नाहीत. यजमान महापेला नोकरीला, दुपारचं जेवण कॅन्टीनचं. मुलगी नऊ वर्षांची. दिरांचा मुलगा ठाण्याला कॉलेजात शिकतो, राहतो तुमच्याकडे, आणि त्याला नुकतंच सीलिएकचं (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न सोसण्याचा आजार) निदान झालंय. तुम्ही विचारता, "प्रत्येक लेबल वाचते, तरी घरात येतं तेच येतं आणि खाल्लं जातं तेच खाल्लं जातं. माणसं खायचं काय ते ठरवतात तरी कशावर? आणि लेबलात नेमकं बघायचं काय?"

तुमचं वाचन कमी पडत नाहीये. तुम्ही सगळंच वाचताय, ही खरी अडचण. पाकिटाच्या पाठीवर वीस-पंचवीस गोष्टी छापलेल्या असतात. डीमार्टच्या रांगेत, मागून ट्रॉली ढकलली जात असताना, त्यातलं काहीही डोक्यात राहत नाही. सासूबाईंसाठी बघायची ओळ वेगळी, पुतण्यासाठी वेगळी, मुलीसाठी तिसरीच. माणसागणिक एक ओळ, फार तर दोन, ठरवून घ्या. बाकीचं सोडून दिलं तरी चालेल.

आधी पहिल्या प्रश्नाचं. खाण्याची निवड ताटावर बसल्यावर होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती तीन ठिकाणी आधीच होऊन गेलेली असते: सामान भरताना, सामान कपाटात लावताना आणि भूक लागून तास उलटल्यावर. लेबलाचा जोर फक्त पहिल्या ठिकाणी चालतो. दुसऱ्या ठिकाणी चालतो तो हाताच्या उंचीचा. शेवेची बरणी डोळ्यासमोर आणि भाजलेले चणे वरच्या फळीवर मागे असतील, तर घरातला सर्वांत शहाणा माणूसही शेवच खाणार. तिसऱ्या ठिकाणी तर काहीच चालत नाही, भूक ठरवते.

यजमानांचा दिवस बघा. दुपारी एकला जेवण, सुटायला साडेसहा-सात, रस्त्यातली गर्दी, घरी येऊन हातपाय धुवून रात्रीचं जेवण साडेनऊला. मध्ये साडेआठ तास. या साडेआठ तासांत चहा, बिस्किटं, स्टेशनबाहेरचा वडापाव आणि घरी आल्या आल्या फरसाण येतं, आणि मग जेवण थोडं जातं म्हणून "मी तर रात्री फार खात नाही" असं ते म्हणतात. इथे उपदेश कामाचा नाही. साडेपाचला ऑफिसातच खायला तीस ग्रॅम भाजलेले चणे (एक मूठ) आणि एक पेरू किंवा केळं बॅगेत असावं. चण्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, चोथा मिळतो आणि घरी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत नाहीत. मधुमेह असलेल्याने केळ्याऐवजी पेरू घ्यावा. एवढ्याने संध्याकाळचं फरसाण जितकं कमी होतं, तितकं ते लेबल वाचून होत नाही.

दुकानाची बाजूही समजून घ्या. ज्या मालावर नफा जास्त किंवा ज्याची जाहिरात जोरात, तो डोळ्याच्या उंचीला. मुलांचा माल मुलांच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे तुमच्या कमरेपाशी. बिलाच्या काउंटरपाशी चॉकलेटं, कारण तिथे थांबावं लागतं आणि पोर कंटाळलेलं असतं. यादी करून जाणं हा त्यावरचा जुनाच उपाय, पण अट एक: यादीत "बिस्किटं" असं लिहायचं नाही, कुठली आणि किती पुडे ते घरीच ठरवून लिहायचं. वाशीच्या एपीएमसीतून किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून डाळी-कडधान्यं महिन्याची एकदम भरणारी घरं पाकिटांवर आपोआप कमी खर्च करतात. मूग आधीच भिजलेले असतील तर उसळ होते. नसतील तर नूडल्स होतात.

आता पाकीट. पहिली सवय ही की पुढची बाजू वाचायचीच नाही. पुढे जाहिरात असते, मागे हिशेब असतो. "मल्टिग्रेन", "बेक्ड", "नैसर्गिक", "कोलेस्टेरॉल नाही" ही सगळी पुढची भाषा. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ते लिहिणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर "यात मासे नाहीत" असं लिहिण्यासारखं. बेक केलेल्या चिप्सच्या पिठातच पाम तेल मळलेलं असू शकतं. मात्र पुढच्या बाजूच्या चित्राचा एक उपयोग आहे. पुढे नाचणीचं किंवा बदामाचं चित्र वा नाव ठळक दिलं असेल, तर त्या घटकाचं प्रमाण टक्क्यांत मागे द्यावं लागतं. नाचणी बिस्किटाच्या मागे नाचणी किती टक्के आणि मैदा यादीत कितव्या नंबरावर, हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं चित्र किती खरं ते कळतं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिले तीन घटक म्हणजे जवळपास सगळा माल. इथे एक युक्ती खेळली जाते. साखर एकदम पहिल्या नंबरावर दिसू नये म्हणून ती तीन-चार नावांत वाटली जाते: साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध, खजुराची पेस्ट. प्रत्येकाचं वजन कमी, म्हणून प्रत्येकाचा नंबर खाली. बेरीज केली तर साखरच पहिली. माल्टोडेक्स्ट्रिन तर "साखर" या ओळीत मोजलंही जात नाही, ते कर्बोदकांत जातं, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. "व्हीट फ्लोअर" आणि "होल व्हीट फ्लोअर" यांतला फरकही इथेच बघायचा. "रिफाइंड" शब्द दिसला की मैदा. ब्राऊन ब्रेडच्या यादीत आयएनएस (वरून घातलेल्या रंग-रसायनांचे ठरलेले नंबर) १५०ए किंवा १५०डी दिसलं, तर तो कॅरॅमलचा रंग. ब्रेड तपकिरी दिसतो तो कोंड्यामुळेच असं नाही.

मग तक्ता. तक्त्यात १०० ग्रॅममागचा आकडा असतो आणि एका सर्व्हिंगमागे रोजच्या गरजेचा टक्का असतो. दोन पाकिटांची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या स्तंभावर करायची. सर्व्हिंग किती ग्रॅमचं धरायचं हे कंपनीच ठरवते, आणि ते तुमच्या घरातल्या वाटीशी जुळत नाही. टक्केवारी मोजताना दिवसाला २००० कॅलरी, ६७ ग्रॅम एकूण स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरलेलं असतं. हे मोठ्या माणसाचं माप आहे. नऊ वर्षांच्या मुलीला ते लागू नाही.

एक उदाहरण सोडवून बघू. समजा बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर २४ ग्रॅम आणि सर्व्हिंग "२ बिस्किटं, १२ ग्रॅम" असं लिहिलंय. टक्का दिसेल सहाच्या आसपास, अगदी निरुपद्रवी. पण सकाळच्या चहाबरोबर चार आणि संध्याकाळी चार म्हणजे ४८ ग्रॅम बिस्किटं, त्यात साडेअकरा ग्रॅम साखर, सव्वादोन चमचे. चहातली वेगळी. आकडा खोटा नव्हता, फक्त आपण चौपट खाल्लं.

सासूबाईंकडे येऊ. त्यांच्या दोन ओळी: एकूण कर्बोदकं आणि सोडियम. मधुमेहात माणसं "शुगर" ही ओळ बघून थांबतात, तिथेच फसतात. शुगर-फ्री बिस्किटात १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नसते हे खरं, तसा नियमच आहे. पण मैदा असतो, आणि मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते. साखर नसली तरी गोडी कशाने आली ते बघा. माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट बिघडतं, म्हणून जुलाब होऊ शकतात अशी सूचना बारीक अक्षरात असते. "शुगर-फ्री आहे ना" म्हणून दोनऐवजी सहा खाल्ली जातात, हे सगळ्यात वाईट.

सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, सपाट एक छोटा चमचा, दिवसभराचं आणि सगळं धरून. १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तरच "लो सोडियम" लिहिता येतं. ६०० च्या वर आकडा दिसला की ते पाकीट बीपीवाल्याने रोजच्या वापरात धरायचं नाही, मग जिभेला खारट लागो वा न लागो. ब्रेड खारट लागत नाही. पापडही मिठाइतका खारट लागत नाही, पण पापडखार हा सोडियमचाच क्षार आहे. खाण्याचा सोडा तसाच. घरच्या मिठाचा हिशेब सोपा: पाच माणसं, रोज ५ ग्रॅम, तीस दिवस, म्हणजे ७५० ग्रॅम, आणि तेही लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचं जेवण सगळं धरून. स्वयंपाकातच किलोचं पाकीट महिन्याच्या आत संपत असेल तर लेबलं वाचण्याआधी फोडणीशेजारची मिठाची वाटी बघा. कणीक आणि भात मिठाशिवाय करून बघा, आठ-दहा दिवसांत जीभ रुळते. सुके बोंबील आणि सोडे घरात आवडीचे असतील तर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून ते पाणी टाकायचं, पुन्हा एकदा भिजवून टाकायचं, आणि मग कालवणात वेगळं मीठ घालायचं नाही.

सैंधव मीठ म्हणजे मीठच. त्यात सोडियम जवळपास तेवढंच असतं, आयोडीन मात्र घातलेलं नसतं. उपवासाला ते चालतं, हा वेगळा मुद्दा. आणि "लो सोडियम" मीठ डॉक्टरांना न विचारता आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी कमकुवत असेल किंवा बीपीसाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा गटांतलं औषध चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. मधुमेह जुना असेल तर किडनीचा मुद्दा गृहीतच धरा. किडनीवाल्यांनी आणखी एक गोष्ट घटकांत शोधावी: आयएनएस ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२. ही फॉस्फेटं. कोलात, प्रोसेस्ड चीजमध्ये, पाकिटबंद मांसात सापडतात, आणि तक्त्यात फॉस्फरसचा आकडा सहसा नसतो, म्हणून यादीतल्या नंबरांवरूनच ओळखायची.

उपवास. यावर घरात वाद घालू नका, पदार्थ बदला. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे दोन मध्यम पोळ्यांएवढी, पण पोळीतली प्रथिनं आणि चोथा यांतलं जवळपास काही नाही. भरली बशी खिचडी म्हणजे ७०-८० ग्रॅम साबुदाणा, वर बटाटा. शेंगदाण्याच्या कुटामुळे आणि तुपामुळे साखर जरा हळू चढते, म्हणून पूर्वापार ते त्यात आहे, पण प्रमाण साबुदाण्याचं जास्त असेल तर कूट काही करू शकत नाही. चतुर्थीला अशी मांडणी करून बघा: अर्धी वाटी वरईचा भात, त्यावर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. किंवा दुधी किसून घातलेलं राजगिऱ्याचं थालीपीठ. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. साबुदाणा हवाच असेल तर दोन मोठे चमचे भिजवलेला, आणि बाकीची खिचडी काकडी-भोपळा-दाण्यांची. पाकिटातला फराळी चिवडा हा उपवासाचा पदार्थ असला तरी बीपीचा शत्रू, त्याची सोडियमची ओळ एकदा वाचून दाखवा, वाद आपोआप मिटतो.

पदार्थापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे औषध. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण टाळलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी चालू असेल तर निर्जळी उपवास करायचाच नाही. महिन्यातल्या उपवासाच्या तारखा आणि डोस हे डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या आणि कागद औषधांच्या डब्यात ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झालं तर ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर उपवास तिथेच संपला: तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट हॉस्पिटल.

पुतण्याची ओळ एकच, पण तिथे चूक चालत नाही. सीलिएकमध्ये "थोडंसं चालतं" असं काही नसतं. गहू, बार्ली, राय यांतलं ग्लुटेन अगदी कणभर गेलं तरी आतड्याचं अस्तर बिघडत राहतं, त्रास जाणवो वा न जाणवो. त्याच्यासाठी "ग्लुटेन-फ्री" हा शब्द बघा, याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत. "लो ग्लुटेन" म्हणजे २० ते १००, ते त्याच्यासाठी नाही. पाकिटावर असं काही नसेल तर घटकांखालची अॅलर्जीची ओळ: "कंटेन्स व्हीट" किंवा "ग्लुटेन" असेल तर परत ठेवा. "मे कंटेन" असेल तरी परत ठेवा. रवा, मैदा, शेवया, दलिया सगळ्यांना माहीत असतात. निसटतात ते असे: कॉर्नफ्लेक्समधला माल्ट एक्स्ट्रॅक्ट (बार्लीचा), चॉकलेट पावडरीतलं माल्ट, सोया सॉस, थालीपीठाची भाजणी, तयार मसाले, आणि साधे ओट्स, जे गव्हाबरोबर एकाच कारखान्यात चालतात.

आणि हिंग. मराठी स्वयंपाकघरातली ही सगळ्यांत लपलेली जागा. बाजारातलं हिंग शुद्ध नसतं, बांधलेलं असतं: डिंक, पीठ आणि थोडं हिंग. ते पीठ बऱ्याच डब्यांमध्ये गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काहींत तांदळाचं. भात-आमटी-ताक एवढंच खाणारा मुलगा तरी पोट धरून बसतो आणि सीलिएकच्या रक्ततपासणीतला अँटिबॉडीचा आकडा खाली येत नाही, तेव्हा पहिल्यांदा हिंगाची डबी उलटी करून बघा. अक्षर इतकं बारीक असतं की मोबाइलने फोटो काढून मोठा करावा लागतो.

दुसरी जागा गिरणी. ज्वारी, तांदूळ, नाचणी स्वतः निर्दोष, पण ज्या गिरणीत आधी कुणाचे दहा किलो गहू दळले, त्याच जात्यातून तुमची ज्वारी गेली की पिठात गहू आला. "आधी मूठभर दुसरं धान्य घालून जातं साफ करून घेतो" याने पोळीची चव जाते, ग्लुटेन जात नाही. हवेत उडालेलं पीठही बसत राहतं. घरघंटी घ्यायची असेल तर ती फक्त बिनगव्हाची ठेवायची, किंवा ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकीट आणायचं. घरात तवा, परात, पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणी वेगळी. लोखंडी तवा आणि लाकडी लाटणं घासून पुरेसं स्वच्छ होत नाही. बाहेर खाताना विचारायचा प्रश्न "यात गहू आहे का?" हा नाही, "तळणीच्या याच तेलात समोसा तळता का?" हा. साबुदाणा वडाही त्याच कढईतून आला तर गेला.

गंमत म्हणजे सासूबाईंचा उपवासाचा डबा, म्हणजे साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, हा पुतण्याला जवळजवळ पूर्ण चालतो. तोच डबा त्यांच्या साखरेला मोजूनमापूनच चालतो. एकाच फळीवर दोन माणसांचे दोन निकाल. "हेल्दी पदार्थ कुठले?" या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नसतं, आधी कुणासाठी ते विचारावं लागतं. फक्त उपवासाचं पीठ पुतण्यासाठी घेताना ते पाकीटही गिरणीच्याच कसोटीवर तपासा.

यजमानांच्या बाबतीत लेबलापेक्षा मशीन महत्त्वाचं. ऑफिसातल्या चहाच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा प्रीमिक्स असतं, साखर आणि दूध पावडर त्यातच. "कमी साखर" असं बटण दाबून काही होत नाही, साखर काढून घ्यायची सोयच नसते. पँट्रीतल्या माणसाकडून प्रीमिक्सचं पाकीट मागून बघा. समजा १०० ग्रॅममागे साखर ५० ग्रॅम आहे आणि कपात १५ ग्रॅम पावडर पडते, तर कपामागे साडेसात ग्रॅम, चार कपांना ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना जी उत्तम मर्यादा सुचवते ती २००० कॅलरींच्या आहारात २५ ग्रॅमची आहे. मशीनमध्ये गरम पाण्याचं बटण असतं. ग्रीन टी किंवा लिंबू घातलेला कोरा चहा त्यावर होतो, आणि दुधाचा एकच कप राखून ठेवता येतो. कॅन्टीनच्या थाळीत आधी कोशिंबीर आणि डाळ, मग भात, आणि पापड-लोणचं यांतलं एकच. ज्यांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत अशा हॉटेल साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी दाखवाव्या लागतात. मागवताना तो आकडा बघा, पण तो एका माणसाच्या वाट्याचा आहे की सगळ्या पदार्थाचा, तेही बघा.

मुलीची ओळ: वरून घातलेली साखर, आणि दुसरी सोडियम. दुधात घालायच्या पावडरींना "हेल्थ ड्रिंक" म्हणायची सोय कायद्यात नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना ही पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं, आणि जूनमध्ये रसांच्या खोक्यांवरचा "१०० टक्के फळांचा रस" हा दावा एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी यंत्रणा) काढायला लावला. नूडल्सवर बंदी घालू नका, बंदी घातलेली वस्तू मैत्रिणीच्या घरी दुप्पट खाल्ली जाते. हिशेब करून द्या: ७० ग्रॅमचं पाकीट, १०० ग्रॅममागे समजा १२०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाकिटात ८४०, म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ. मीठ मुख्यतः मसाल्याच्या पुडीत असतं. अर्धीच पुडी, वाटीभर गाजर-मटार-कोबी, वरून एक अंडं किंवा पनीर, आणि एक पाकीट दोघांत. पाच-दहा रुपयांच्या छोट्या पुड्यांवर पोषणाचा तक्ता नसला तर गोंधळू नका. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या वेष्टनाला सूट आहे, तक्ता मोठ्या पॅकवर सापडतो. कॅफिनवाल्या एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर "मुलांसाठी नाही" असं छापलेलं असतंच. दुकानदार मात्र ते वाचून विकत नाही.

हिरव्या ठिपक्याबद्दल एवढंच: तो शाकाहार सांगतो, पथ्य सांगत नाही. कांदा-लसूण, दूध, साखर, मीठ यांच्याबद्दल तो मुका आहे. मांसाहाराचं चिन्ह आता तपकिरी त्रिकोण आहे, त्यामुळे रंग ओळखता न येणाऱ्यालाही आकार कळतो. अंडं असलेला केक त्यातच येतो.

सुट्या मालाला लेबलच नसतं, आणि आपल्याकडे खाल्लं जाणारं बरंचसं सुटंच: पाव, शेव, फरसाण, मिठाई, इडलीचं पीठ. मिठाईच्या ट्रेपुढे कधीपर्यंत खाणं योग्य ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. नसेल तर मागा. तळणीच्या तेलाचा कस नाकाला कळतो: थंड असताना उग्र वास, कढईत फेस आणि लवकर धूर, अशा गाडीवरचा वडा सोडावा. पुड्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उत्पादकाची नोंदणी, आणि पुढचे दोन १५ असतील तर तो महाराष्ट्रात दिलेला. सोसायटीत घरगुती लाडू-चकल्या विकणाऱ्या बाईंनाही ही नोंदणी लागते, ती असेल तर त्या आनंदाने दाखवतात.

आता रविवारी एक तास काढून एवढं करा. कपाट रिकामं करा, प्रत्येक पाकीट उलटं धरा आणि मार्करने झाकणावर एकच अक्षर लिहा: सासूबाईंना नको तिथे "स", पुतण्याला नको तिथे "ग". फेकू काहीच नका, फक्त जागा बदला. "ग" लिहिलेलं सगळं खालच्या फळीवर, कारण वरचं सांडलेलं पीठ खाली पडतं, खालचं वर जात नाही. चणे, दाणे, फळं हाताच्या उंचीला. फरसाण स्टीलच्या बंद डब्यात, पारदर्शक बरणीत नको.

गणपतीत सगळे जमतील तेव्हाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. उकडीचे मोदक पुतण्याला चालतात, पिठी त्याच्या घरघंटीवरची किंवा ग्लुटेन-फ्री पाकिटाची असेल तर. तळणीचे मोदक आणि पुरणपोळी नाही. सासूबाईंना एक मोदक, जेवणाच्या शेवटी, आणि त्या दिवशी भात निम्मा. सकाळी ओट्यावर आधी उकड काढायची, मोदक वाफवून झाकून ठेवायचे, हिंगाशिवायची आमटी बाजूला काढायची, आणि मगच पोळ्यांच्या कणकेचा डबा उघडायचा.